पेन्सिलीच्या तारखा

आईच्या बायबलमध्ये तारखा आहेत. नुसत्या तारखा. त्या दिवशी काय झालं, कोण आजारी होतं, काय मागितलं, यातलं अक्षरही नाही. वचनाच्या शेजारी समासात, मुंगीच्या पायाएवढ्या आकड्यांत दिवस, महिना आणि वर्षाचे शेवटचे दोन अंक. शाई तिने कधी वापरली नाही. बायबलचा कागद इतका पातळ असतो की शाई मागच्या पानावर उतरते. "इकडचं आपलं दुखणं तिकडच्या वचनावर कशाला उमटवायचं?" असं ती म्हणायची आणि स्वैपाकघराच्या खिडकीशी उभी राहून सुरीने पेन्सिलीला टोक काढायची.

ती गेल्यावर ते पुस्तक माझ्याकडे आलं. मी मागितलं नव्हतं. आवराआवर करताना भावाने पिशवीत घालून दिलं, मी नेऊन माझ्या कपाटात ठेवलं. एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेलं, इतकंच. चार वर्षं तिथेच पडून होतं. मला वाचायचं असलं की मी फोनवर वाचायची. फोनवरच्या बायबलला समास नसतो.

ते बाहेर निघालं बाबांना पक्षाघात झाला त्या वर्षी. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. गेलं म्हणजे, शब्द आत होते, पण बाहेर येताना वाट चुकायचे. "पाणी" म्हणायचं असलं की "खिडकी" निघायचं. आपण चुकीचं बोललो हे त्यांना कळायचं, आणि ते कळणंच सगळ्यात वाईट होतं. जन्मभर मुलांना व्याकरण शिकवलेला माणूस.

मी माझं बिऱ्हाड गुंडाळून त्यांच्या घरी राहायला आले. 'सध्यापुरतं' असं सगळ्यांना सांगितलं. आणि त्याच महिन्यात ऑफिसातून बढतीचं पत्र आलं. दुसरं शहर, पूर्ण विभाग माझ्या हाताखाली. नऊ वर्षं जिच्याकडे डोळे लावून बसले होते ती खुर्ची. पंधरा दिवसांत कळवा, असं पत्रात होतं. भाऊ परदेशात. त्याचं म्हणणं, "तू ठरवशील ते." हे वाक्य ऐकायला वाटतं तितकं मोठ्या मनाचं नसतं.

मला उत्तर हवं होतं. लहानपणापासून ऐकत आले होते की प्रभू वाट दाखवतो. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, लोक उभे राहून साक्ष द्यायचे: वाट दिसत नव्हती, प्रार्थना केली, वचन मिळालं, दार उघडलं. ठीक आहे, म्हटलं. आता माझी पाळी. दाखव.

तिसऱ्या रात्री बाबा झोपल्यावर आईचं बायबल घेतलं, डोळे मिटले, पुस्तक मधोमध उघडलं आणि बोट टेकवलं. डोळे उघडले तर पहिला इतिहास. वंशावळ. अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका झाला, अशी सलग नऊ अध्याय चालणारी नावं. हे काही खरं नाही, पुन्हा एकदा, म्हणून पुन्हा डोळे मिटले. या वेळी निर्गमाचा सव्विसावा अध्याय: निवासमंडपाच्या पडद्यांची मापं. प्रत्येक पडदा अठ्ठावीस हात लांब नि चार हात रुंद. मी एकटीच हसले. मग बराच वेळ हसू थांबेना, आणि ते हसू कुठे संपलं नि रडू कुठे सुरू झालं ते कळलं नाही.

पुढे ख्रिस्ती संत झालेल्या ऑगस्टीनचंही असंच झालं होतं. इ. स. ३८६, मिलान. बागेत बसून हा हुशार, हट्टी माणूस स्वतःशी झगडत होता. पलीकडच्या घरातून एका मुलाचा आवाज आला, घे आणि वाच, घे आणि वाच. त्याने बायबलमधली प्रेषित पौलाची पत्रं उघडली, नजर रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायावर पडली आणि आयुष्य फिरलं. त्याची नजर रोमकरांस पत्रावर, माझं बोट पडद्यांच्या मापांवर. आता वाटतं, तो काही कोरी पाटी घेऊन बागेत बसला नव्हता. कित्येक वर्षं आतून ओढला जात होता. पान त्याच्यासाठी शेवटचा धक्का होतं. मी त्या पानाकडून पहिल्यापासून शेवटपर्यंतचं सगळं काम मागत होते.

या प्रकाराची मी थट्टा करत नाही. जर्मनीतल्या हेर्नहुट गावच्या मोरावियन मंडळीने १७३१ पासून दर वर्षी रोजच्या वचनांचं छोटं पुस्तक छापलंय. जुन्या करारातली वचनं आजही चिठ्ठ्या उचलून निवडतात, आणि जगभर लाखो लोक सकाळी उठून ते वाचतात. पण त्यातला एक फरक मला फार उशिरा कळला. तिथे वचन आधी ठरलेलं असतं आणि दिवस नंतर येतो. आपण त्या वचनाला प्रश्न घालत नाही. ते वचन आपल्याला दिवसभर प्रश्न घालत राहतं.

दरम्यान माझा फोन वचनांनी भरून वाहत होता. सूर्योदयावर, फुलांवर, धबधब्यावर छापलेली वचनं. त्यांत एक तर दिवसाआड यायचं: यिर्मया, एकोणतिसावा अध्याय, अकरावं वचन. तुमच्याविषयीचे माझे संकल्प मला ठाऊक आहेत, ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. पाठवणाऱ्यांचं मन चांगलं होतं, त्याबद्दल शंका नाही. पण सातव्यांदा ते आलं तेव्हा मी वैतागून पूर्ण अध्याय काढून वाचला. ते एक पत्र आहे. बाबेलला बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना यरुशलेमेहून यिर्मया संदेष्ट्याने पाठवलेलं. तिकडचे काही संदेष्टे लोकांना सांगत होते की आता सुटलोच, थोडे दिवस कळ काढा. यिर्मया म्हणतो, नाही. घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, मुलंबाळं होऊ द्या, ज्या शहरात तुम्हाला पकडून आणलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण हे सत्तर वर्षं चालणार आहे. आणि मग, त्या सत्तर वर्षांच्या लगेच खाली, ते हिताच्या संकल्पांचं वचन येतं.

सत्तर वर्षं! पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीचा रस्ता दिसणारच नव्हता. धबधब्यावर हे कुणी छापत नाही. पण खरं सांगायचं तर धबधब्यावरच्या वचनाने जे झालं नव्हतं ते या पत्राने झालं. बाग लावा. म्हणजे 'सध्यापुरतं' म्हणणं बंद करा. दुसऱ्या दिवशी मी हॉलमध्ये पडलेल्या माझ्या बॅगा सोडल्या आणि कपडे कपाटात लावले.

एक नातेवाईकही आले होते. "प्रभूने मला दाखवलंय," खुर्चीत टेकता टेकताच म्हणाले, "बाबांना एखाद्या संस्थेत ठेवायचं आणि तू पुढे जायचं." त्यांना काय दाखवलं गेलं याबद्दल मी वाद घातला नाही, घालता येतच नाही. 'मला वाटतं' म्हणणाऱ्याशी बोलता येतं. 'प्रभूने सांगितलं' म्हटलं की समोरच्याचं तोंड बंद. गंमत म्हणजे त्यांचा सल्ला तसा वाईट नव्हता. तो सल्ला म्हणून दिला असता तर मी कदाचित ऐकलाही असता.

आणि मग काकू आल्या. मंडळीतल्याच, आईच्या बरोबरीच्या, गुडघ्यांनी हैराण. मी मनाची तयारी केली: आता वचन, मग प्रार्थना, मग आईच्या आठवणी. काकू बाबांच्या पलंगाशी बसल्या, त्यांचा निकामी हात हातात घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, नखं किती वाढलीत यांची." पर्समधून नेलकटर काढलं आणि दहाही बोटांची नखं कापली. सावकाश, मधूनमधून बाबांच्या चेहऱ्याकडे पाहत. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. मग काकू माझ्याकडे वळल्या. "तू किती वाजता झोपतेस?" मी सांगितलं. "आज मी आठपर्यंत बसते. तू जा, झोप." मी दुपारी चारला झोपले ते पावणेआठला उठले. त्यांनी प्रार्थना केली असेल, तर मी झोपेत असताना.

त्या रात्री मला एलीया आठवला. राजे पहिला, एकोणिसावा अध्याय. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरवून आलेला हा दणकट संदेष्टा. राणीने जिवे मारायची धमकी दिल्यावर रानात पळतो, एका रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे झालं, परमेश्वरा, माझा प्राण घे. असं म्हणून झोपी जातो. देवदूत येतो. आता काय सांगेल असं वाटतं? धीर धर? विश्वास ठेव? काल एवढा मोठा चमत्कार पाहिलास नि आज हे काय? यातलं काहीच नाही. तो त्याला हात लावून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो, पितो आणि पुन्हा आडवा होतो. देवदूताला राग येत नाही. तो दुसऱ्यांदा येतो आणि पुन्हा तेच सांगतो, फक्त एवढं जोडून, की वाट तुला झेपणार नाही इतकी लांब आहे.

ही गोष्ट मी रविवारच्या शाळेत किती वेळा ऐकली असेल. तिथे नेहमी पुढच्या भागावर भर असायचा: होरेब डोंगर, सोसाट्याचा वारा, भूकंप, अग्नी, यांपैकी कशातच परमेश्वर नव्हता आणि मग ती मंद वाणी. चित्रही त्याचंच काढायला सांगायचे. आम्ही अग्नी काढायचो, कारण मंद वाणी काढायची कशी? पण त्या वाणीआधी दोन झोपा आणि दोन जेवणं आहेत, याकडे कुणी लक्ष वेधलं नव्हतं. आणि वाणीनंतरचीही एक गोष्ट. परमेश्वर विचारतो, एलीया, तू इथे काय करतोस? वाणीच्या आधीही हाच प्रश्न विचारला होता. एलीया दोन्ही वेळा जे उत्तर देतो ते अगदी शब्दाला शब्द सारखं आहे. मी एकटाच उरलोय, ते माझा जीव घ्यायला टपलेत. म्हणजे त्या अद्भुत क्षणाने त्याची तक्रार कणभरही कमी झाली नाही! आणि परमेश्वर ती तक्रार खोडून काढत बसत नाही. आल्या वाटेने परत जा म्हणतो, तीन नावं देतो, त्यांना अभिषेक कर म्हणतो. म्हणजे हातात काम देतो. तू एकटा नाहीस, आणखी सात हजार आहेत, हे सगळ्यात शेवटी, जाता जाता सांगितल्यासारखं येतं.

योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना सांगतो की मी पित्याला विनंती करीन आणि तो तुम्हाला दुसरा एक सोबती देईल. पवित्र आत्म्यासाठी तिथे जो ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थ 'मदतीसाठी जवळ बोलावलेला'. मराठी बायबलमध्ये त्याला 'कैवारी' म्हटलंय. मला हा शब्द फार आवडतो. सांत्वन करणारा समोर बसतो. कैवार घेणारा आपल्या बाजूला येऊन उभा राहतो. लहानपणी भांडणात आपला कैवार घेणारं कुणी असलं की आपण बरोबर आहोत की चूक हा प्रश्नच मागे पडायचा. काकूंनी मला बढती घे म्हणून सांगितलं नाही, घेऊ नको म्हणूनही सांगितलं नाही. पण त्या गेल्या तेव्हा मी त्या प्रश्नासमोर एकटी नव्हते.

मुदत संपायला आठ दिवस उरले होते. मी आईच्या तारखा वहीत उतरवायला घेतल्या. का, ते सांगता येणार नाही. कदाचित उत्तर मिळत नाही तेव्हा माणूस हिशेब मांडायला बसतो. वाटलं होतं, घरातल्या मोठ्या प्रसंगांशी त्या जुळतील: आजीचं जाणं, बाबांची नोकरी सुटली ते दिवस, भावाचं ऑपरेशन. जवळजवळ काहीच जुळेना. तेविसाव्या स्तोत्राशेजारी फक्त दोन तारखा. ज्या दिवशी घरात आकाश कोसळलं होतं, त्या दिवसांच्या तारखा कुठेच नाहीत. बहुतेक खुणा ज्या दिवसांच्या होत्या त्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं. कुठलासा गुरुवार. कुठलासा शनिवार.

सगळ्यात जास्त तारखा एका अशा ठिकाणी सापडल्या की मी पान चुकले का म्हणून पुन्हा पाहिलं. निर्गम, सोळावा अध्याय, एकविसावं वचन. ते रोज सकाळी आपापल्या गरजेपुरतं गोळा करत, आणि ऊन तापलं की ते वितळून जाई. समास पुरला नाही म्हणून तारखा खालच्या कोऱ्या जागेत उतरल्या होत्या. मी मोजल्या, एकतीस भरल्या. पहिली माझ्या जन्माआधीची, शेवटची ती जायच्या दोन महिने आधीची.

मान्नाची गोष्ट. मिसर देशातून सुटून आलेले लोक रानात उपाशी. सकाळी दव सुकल्यावर जमिनीवर काहीतरी बारीक, खवल्यांसारखं पडलेलं. लोक एकमेकांना विचारतात, हे काय आहे? तोच प्रश्न त्याचं नाव होऊन बसला. माणशी एक ओमर, म्हणजे एक ठरलेलं माप, उचलायचं. ज्याने जास्त गोळा केलं त्याला उरलं नाही, ज्याने कमी गोळा केलं त्याला कमी पडलं नाही. उद्यासाठी म्हणून कुणी राखून ठेवलं तर सकाळी त्यात किडे पडलेले नि दुर्गंधी सुटलेली. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट, तेवढंच टिकायचं. आणि हे चाळीस वर्षं.

मला यात पूर्वी फक्त चमत्कार दिसायचा. आता त्यातला जाच दिसला. चाळीस वर्षं रोज सकाळी उठायचं, ऊन चढायच्या आत वाकून वेचायचं, आणि रात्री घरात उद्यासाठी काहीही नसताना झोपायचं. कोठार नाही, साठा नाही, खात्री नाही. दिलं जात होतं, पण बेफिकीर होता येईल इतकं कधीच दिलं जात नव्हतं. सुगृहिणीला यापेक्षा अवघड काय असेल? माझी आई सगळ्याचा साठा करणारी बाई, आणि तिने एकतीस वेळा या वचनापाशी येऊन तारीख घातली.

"आमची रोजची भाकर आज आम्हांला दे." ही प्रार्थना मी बोलायला शिकले त्याच सुमारास शिकले असेन. आमच्या पाळकांनी एकदा बायबल अभ्यासात सांगितलं होतं की यातल्या 'रोजची' या शब्दावर विद्वान अजून अडलेले आहेत. मूळ ग्रीक शब्द या प्रार्थनेबाहेर जवळजवळ कुठेच सापडत नाही. 'रोजची' म्हणा, 'गरजेपुरती' म्हणा, 'येणाऱ्या दिवसाची' म्हणा, सगळ्यांना आधार आहे आणि कुणालाच पुरता नाही. म्हणजे इतकी शतकं लोक रोज जो शब्द उच्चारतात त्याचा अर्थ नक्की माहीत नाही, आणि तरी भाकर मागायचं कुणाचं अडलेलं नाही.

अशा शब्दांशी पंडिता रमाबाईंची किती झटापट झाली असेल, असं मनात येतं. संस्कृतात 'पंडिता' ही पदवी मिळवलेली बाई. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, साध्या बायांना समजेल अशा मराठीत सबंध बायबल आणायचं म्हणून. कित्येक वर्षं चाललेलं काम. मध्ये, १९२१ मध्ये, एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाईंनी काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं. पुस्तक छापून बाहेर आलं ते त्यांच्या मागे. मुलगी गेल्यानंतरच्या एखाद्या सकाळी त्या मेजाशी येऊन बसल्या असतील तेव्हा समोर कुठलं वचन असेल, हा विचार मला सोडत नाही. कदाचित वंशावळच असेल. अमक्याला तमका झाला. तीही कुणीतरी शब्दाला शब्द लावून आणावीच लागते.

मग मी माझा प्रश्न बदलला. बदलला म्हणण्यापेक्षा लहान केला. माझ्या आयुष्याबद्दल देवाची काय योजना आहे, हे एका दिवसाच्या ओमरात मावणारं नव्हतंच. आज बाबांच्या खोलीत रात्री कोण झोपणार, हे मावत होतं. फिजिओथेरपीवाल्याला सकाळची वेळ मिळेल का, हे मावत होतं. ऑफिसात विचारून पाहायला काय हरकत आहे, हेही एका सकाळी मावलं. मी जाऊन साहेबांना विचारलं, सहा महिने रजा मिळेल का. तीन महिने मिळाली, नंतर अर्धा वेळ घरून काम. बढती गेली. स्वर्गातून आवाज आला नाही, पोटात गोळा मात्र आला.

बरोबर केलं का? प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय, हे माझं यावरचं उत्तर आहे, जर ते उत्तर असेल तर. पौल आणि त्याचे सोबती आशिया प्रांतात वचन सांगायला निघतात, पवित्र आत्मा त्यांना मनाई करतो. बिथुनियाकडे वळतात, तिथेही वाट बंद. कशी मनाई केली? आजारपण आलं, पूल वाहून गेला, की कुणी स्वप्न पाहिलं? हे पुस्तक लिहिणारा लूक एका अक्षराने सांगत नाही. ज्यांना वाट बंद होण्याचा अनुभव आहे त्यांना तपशील लागत नाही, असं त्याला वाटलं असावं. असे फिरत फिरत ते समुद्रकाठी त्रोवसला पोचतात. रात्री पौलाला दृष्टान्त होतो: एक मासेदोनी माणूस उभा राहून विनवतोय, इकडे येऊन आम्हाला साहाय्य कर. झालं, इतकं स्पष्ट मार्गदर्शन! जहाज पकडून ते फिलिप्पैला जातात.

आणि तिथे तो माणूस भेटतच नाही. शब्बाथ दिवशी नदीकाठी काही बाया जमलेल्या भेटतात, त्यांच्यात जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी लुदिया. नंतर एका गुलाम मुलीवरून दंगा होतो, पौल आणि त्याचा सोबती सीला यांचे कपडे फाडून त्यांना छड्यांनी मारतात, तुरुंगात टाकून पाय खोड्यात अडकवतात. ज्यांना जा म्हणून दृष्टान्तात सांगितलं होतं त्यांची ही गत. म्हणजे वाट बरोबर असल्याची खूण म्हणून मी जो सुरळीतपणा शोधत होते ती खूणच नव्हे. खोड्यात पाय असताना त्या दोघांनी मध्यरात्री स्तोत्रं गायली, हे खरं. पण पाठीवरचे वळ तेव्हाही ठणकतच असणार.

डीट्रिख बोनहोफर हा जर्मन पाळक जून १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पोचला. मित्रांनी त्याला हिटलरच्या जर्मनीतून सुरक्षित बाहेर काढलं होतं. तिथे त्याचा जीव लागेना. थोड्याच दिवसांत त्याने परत जायचं ठरवलं, आणि आपण हे नेमकं का करतोय ते आपल्यालाच नीट उमगत नाही, असं डायरीत टिपून ठेवलं. त्यानंतर काही दिवसांनी, २६ जूनला, सहज वाचताना पौलाने तीमथ्याला लिहिलेली एक साधी ओळ समोर आली: हिवाळ्यापूर्वी येण्याचा प्रयत्न कर. पौल आपला झगा आणि पुस्तकं मागवतोय त्याच अध्यायातली, निव्वळ घरगुती निरोपाची ओळ. ती दिवसभर त्याच्या मागे लागून राहिली. आधी निर्णय, मग वचन. आणि वचन मिळाल्यावरही कारणांचा उलगडा नाहीच. तो जुलैत परतला. ९ एप्रिल १९४५ ला त्याला फासावर चढवलं. त्याची नि माझी बरोबरी नाही, मी फक्त एक खुर्ची सोडली. पण कारण पुरतं न उमगताही पाऊल टाकता येतं, हे मला त्याच्याकडून कळलं.

त्या खुर्चीवर आता दुसरी बाई बसते. उत्तम काम करते म्हणे. ऐकलं की अजूनही कुठेतरी टोचतं.

रात्री दिवा मालवल्यावर मी एक गोष्ट करते. ती मला स्पेनमधल्या संत इग्नेशियस लोयोलाकडून मिळाली. तो सैनिकी पेशातला. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडला आणि महिनोन् महिने अंथरुणात पडला. दिवास्वप्नं पाहायचा, कधी शौर्याची नि राजस्त्रियांची, कधी संतांसारखं जगण्याची. दोन्ही रंगवताना मजाच यायची. पण पहिली संपल्यावर मन कोरडं पडायचं, दुसरी संपल्यावर प्रसन्नता मागे उरायची. हा फरक त्याच्या लक्षात आला आणि त्याच्या साऱ्या पुढच्या शिकवणीचं मूळ तिथे आहे. म्हणून मी झोपताना दिवस उलटा चालून पाहते. कशाने जीव हलका झाला, कशाने सुकला? उत्तरं फार क्षुल्लक असतात. बाबांनी डाव्या हाताने बटण लावलं. मी भावावर फोनवर ओरडले. ओरडताना फार बरं वाटलं होतं. नंतर नाही.

परवा बाबांना आईचं बायबल दाखवलं. वाचता येतं त्यांना, थोडं थोडं. डाव्या हाताने ते पानं उलटत होते. तारखा त्यांनाही नव्या नव्हत्या बहुतेक. स्तोत्रांपाशी आल्यावर मी त्यांना थांबवलं. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राबद्दल विचारायचं होतं. दीडशे स्तोत्रांतलं हे सगळ्यात काळोखं. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटाकडे वळण घेतात, 'तरीही मी तुझी स्तुती करीन' म्हणतात. हे घेत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच 'अंधार' आहे. तरीही कुणी ते वगळलं नाही, त्याला गोड शेवट जोडला नाही. अंधारात संपलेली प्रार्थनाही प्रार्थनाच, असं मानून ठेवून दिलंय.

त्याच्याशेजारी आईची एकच तारीख आहे. मी हिशेब केला. मी आठ वर्षांची होते. कॅलेंडरप्रमाणे मंगळवार, म्हणजे शाळेचा दिवस. घरात त्या वर्षी काही वाईट घडल्याचं मला आठवत नाही. आईने माझी वेणी घातली असेल, डबा भरला असेल, दारात उभी राहून हात केला असेल. मला त्या दिवसातलं काहीही आठवत नाही.

"बाबा, या दिवशी काय झालं होतं?"

त्यांनी तारखेवर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. ओठ हलले, शब्द शोधायला लागले की त्यांचा चेहरा होतो तसा झाला.

"खिडकी," ते म्हणाले.

मी उठले, पाणी आणलं. त्यांनी ग्लासाकडे पाहिलं, मान हलवली आणि डावा हात उचलून माझ्या खांद्यावरून पलीकडे, स्वैपाकघराकडे दाखवलं.

मी ग्लास खाली ठेवला आणि जाऊन तिथे उभी राहिले.